३४ व्या वर्षी आयटी सोडून अमेरिकेत नर्सिंगला ॲडमिशन मिळते का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याची बी.ई., नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, वय ३४, दोन मुलं, न्यू जर्सीत राहते, ग्रीन कार्ड आलंय, मागच्या वर्षी लेऑफ झाला. आता नर्सिंग करायचंय, पण जिथं फोन केला तिथं सीट थोड्या आणि अर्ज ढीगभर असं ऐकून हबकलीय. माझ्यासारखीला घेतील का, आणि घ्यावं म्हणून काय करू?

घेतील. मी स्वतः साताऱ्यात बँकेत होते, इथं येऊन ३६ व्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला लागले, आता चौदा वर्षं आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, आधी मेड-सर्ज (सर्वसाधारण आजार आणि ऑपरेशनचे पेशंट) मग कार्डियाक, आणि गेली काही वर्षं स्टुडंट्सना क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष शिकायला, नेते आणि ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूला पलीकडच्या बाजूला पण बसलेय. तू वयानं लहान आहेस म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नकोस.

आधी सीट कमी का ते समजून घे म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. नर्सेसचा तुटवडा आहे म्हणतात आणि तरी कॉलेजं लोकांना परत पाठवतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बॅचलर्स आणि वरच्या नर्सिंग प्रोग्रॅम्सनी मिळून ९१,९३८ पात्र अर्ज परत पाठवले. (अर्ज हं, माणसं नाही, एकच बाई पाच ठिकाणी टाकते.) कारण वर्ग लहान आहेत असं नाही, शिकवायला माणसं नाहीत आणि हॉस्पिटलात स्टुडंट्सना जागा नाही. माझ्याबरोबर फ्लोअरवर एका वेळी आठ-दहाच स्टुडंट असतात, त्यापेक्षा जास्त सांभाळणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ. म्हणजे एक मुलगी दुसऱ्या सेमिस्टरला सोडून गेली की ती जागा वायाच, मधूनच दुसरी कोणी भरता येत नाही. वर स्टेटचं नर्सिंग बोर्ड कॉलेजच्या एनक्लेक्सच्या (नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेच्या) निकालावर डोळा ठेवून असतं, निकाल घसरला तर कॉलेजची मान्यता धोक्यात. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, ही बाई शेवटपर्यंत टिकेल का आणि एनक्लेक्स पास होईल का. तुझी तळमळ किती हा प्रश्न नसतोच. मला हे पहिल्या वर्षी माहीत नव्हतं, मी सेवाभाव वगैरे भरभरून लिहिलं आणि नकार आला. दुसऱ्या वर्षी मार्कांवर काम केलं आणि मिळाली.

आता कुठला रस्ता. तुझ्याकडं दुसऱ्या विषयातली डिग्री आहे म्हणून सगळे तुला ॲक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची झटपट बॅचलर्स) सांगतील, वर्ष-दीड वर्षात संपतो. ऐकायला छान. पण तो म्हणजे सकाळी पावणेसातला हॉस्पिटल, संध्याकाळी लेक्चर, रात्री केअर प्लॅन, आणि नोकरी करू नका असं कॉलेजच लेखी सांगतं. खाजगी कॉलेजात फी साठ-सत्तर हजार डॉलरच्या पुढं सहज जाते. दुसरा रस्ता कम्युनिटी कॉलेजची असोसिएट डिग्री, एडीएन म्हणतात, प्रीरिक्विझिट्स (प्रवेशाआधी करायचे विषय) झाल्यावर दोन वर्षं. तुझ्या काउंटीतलं कॉलेज असेल तर फी त्या मानानं फारच कमी. दोन्हीकडून निघालेली मुलगी तीच एनक्लेक्स-आरएन देते आणि तेच लायसन्स मिळतं, हे लोकांना खरंच वाटत नाही. फरक नोकरीच्या वेळी पडतो, मोठ्या शहरातली हॉस्पिटलं बीएसएन मागतात, आणि शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ सालचा कायदाच आहे की नवीन आरएननं दहा वर्षांत बीएसएन करायचं. पण आरएन झाल्यावर नोकरी करत करत ऑनलाइन बीएसएन होतं आणि बरीच हॉस्पिटलं त्याचे काही पैसे पण देतात. मी तसंच केलं. तुझी मुलं लहान आहेत, घरात एकच पगार आहे, तर मी तुला एडीएनच सांगेन, आणि सोबत एक-दोन ॲक्सिलरेटेड ठिकाणी अर्ज टाकून ठेव. सासू-सासरे किंवा आई सहा-सहा महिने येऊन राहणार असतील तर हिशोब बदलतो, हे तुझं तुलाच माहीत.

कॉलेज निवडताना बोर्डाच्या वेबसाइटवर प्रत्येक कॉलेजचा एनक्लेक्सचा निकाल असतो तो बघ, पण तिथंच थांबू नकोस. निकाल ९८ टक्के आणि सुरुवातीला ६० मुली घेऊन शेवटी ३० च उरल्या असं पण असतं, कच्च्यांना आधीच गाळलं की निकाल चांगलाच लागणार ना. म्हणून विचारायचं की वेळेत पूर्ण किती जणांनी केलं. आणि एसीईएन, सीसीएनई यांसारख्या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं ॲक्रेडिटेशन हवंच, नाहीतर पुढं बीएसएन-एमएसएनला (मास्टर्सला) आणि व्हीएच्या (माजी सैनिकांच्या सरकारी) हॉस्पिटलात नोकरीला अडू शकतं. वेटिंग नाही, प्रवेश परीक्षा (टीज) नाही, वीकेंडला शिका असं कोणी सांगितलं तर पळ. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात ऑपरेशन नाइटिंगेल नावाचं प्रकरण बाहेर आलं, तीन शाळांनी ७,६०० च्या वर खोट्या नर्सिंग डिग्र्या विकल्या होत्या. त्या डिग्रीवर लायसन्स घेऊन कामाला लागलेल्यांची लायसन्सं मग वेगवेगळ्या स्टेट्सनी काढून घेतली.

आता मुख्य गोष्ट, प्रीरिक्विझिट्स. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायोलॉजी, हे तिन्ही लॅबसकट, मग स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी, कुठं केमिस्ट्री पण. तुझं इंजिनियरिंगचं गणित आणि इंग्लिश कदाचित धरतील. त्यासाठी पुण्याहून ट्रान्सक्रिप्ट मागवून डब्ल्यूईएस (परदेशी डिग्र्या तपासणारी संस्था) किंवा कॉलेज सांगेल त्या संस्थेकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन करून घे. साधं डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट घेऊ नकोस, त्यात विषयवार ग्रेड नसतात, मी स्वस्त म्हणून तेच घेतलं आणि परत पैसे भरले. टक्के बघून घाबरू नको, आपल्याकडचा फर्स्ट क्लास इथं बऱ्यापैकी चांगला बसतो. पण सायन्स जुनं चालत नाही, कुठं पाच वर्षं, कुठं सात, त्याआधीचं परत करा. तसंही तू बारावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्यांपैकीच असशील ना? मग तुला शून्यापासूनच आहे, आणि खरं सांगते ते बरंच आहे, कारण अर्ज वाचणारा तुझं १५ वर्षांपूर्वीचं थर्मोडायनॅमिक्स बघत नाही, आत्ताचं ॲनाटॉमी बघतो.

ॲनाटॉमीला ए पाहिजे. बी चालतो असं कॉलेजच्या पानावर लिहिलेलं असतं, सी पण चालतो म्हणतात, ती अर्ज करायची पात्रता झाली, निवडीची नाही. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजात पॉइंट्स असतात, सायन्सच्या ग्रेडला इतके, टीजला इतके, काउंटीत राहण्याला इतके, आधीच्या डिग्रीला इतके, आणि कट-ऑफवर अर्ध्या पॉइंटनं लोक राहतात. कॅलिफोर्नियात तर काही कॉलेजात अजून लॉटरी किंवा वेटिंग लिस्ट आहे, तिथल्या वाचकांनी ते वेगळं बघावं. कोर्स रिपीट केला किंवा मधेच सोडून डब्ल्यू (विथड्रॉ) घेतला तरी पॉइंट जाऊ शकतात. म्हणून पहिल्या सेमिस्टरला हौसेनं तीन सायन्स घेऊ नकोस. ॲनाटॉमी आणि एखादं सोपं, बस. लॅब शक्यतो कॉलेजात जाऊनच कर, ऑनलाइन लॅब काही ठिकाणी धरत नाहीत.

ॲनाटॉमी अवघड म्हणजे डोक्याला अवघड नाही, पाठांतर प्रचंड. लॅब प्रॅक्टिकलला टेबलावर मॉडेल्स मांडलेले असतात, प्रत्येकापाशी मिनिटभर, पिन टोचलेली असते तिचं नाव लिहायचं, स्पेलिंगसकट, स्पेलिंग चुकलं की मार्क गेला. मी हाडं पोळ्या लाटताना पाठ केली. मुलाला समोर बसवून त्याच्याच हातावर रेडियस, अल्ना दाखवायचे, तो सात वर्षांचा होता, त्याची आधी पाठ झाली. आणि फिजिऑलॉजी मराठीत मोठ्यानं समजावून सांगायचं, समोर कोणी नसलं तरी. किडनी सोडियम का धरून ठेवते हे तुला आईला फोनवर सांगता आलं तर तुला ते कळलं, नाहीतर नुसतं वाचलंय.

टीज ही एटीआय कंपनीची प्रवेश परीक्षा, १७० प्रश्न, २०९ मिनिटं, वाचन, गणित, सायन्स आणि इंग्लिश. काही कॉलेजं तिच्याऐवजी हेसी नावाची दुसरी परीक्षा घेतात, आधी बघून घे, चुकीचं पुस्तक आणणारे मी पाहिलेत. गणित तुला हसत हसत येईल. सायन्समध्ये बराचसा भाग शरीराचाच असतो म्हणून दुसरी ॲनाटॉमी संपल्या संपल्या दे, तेव्हा सगळं ताजं असतं. ८० च्या वर आले तर बरं. कुठं किती वेळा देता येते आणि कुठला स्कोअर धरतात हे प्रत्येकाचं वेगळं.

अनुभव. हे तू विचारलंच नाहीस पण मी सांगणार, सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, नर्सच्या हाताखालची मदतनीस) कर. फेडरल नियमानं किमान ७५ तासांचं ट्रेनिंग, स्टेट्स त्यात भर घालतात, दोन-तीन महिन्यांत होतं. काही कॉलेजात त्याचे पॉइंट मिळतात पण मी त्यासाठी सांगत नाहीये. आपल्याकडं हॉस्पिटलात पेशंटला पुसणं, बेडपॅन, कपडे बदलणं हे मावशी करतात, सिस्टर इंजेक्शन आणि सलाईन बघतात, तेच चित्र घेऊन आपण येतो. इथं ते काम एडचं (म्हणजे सीएनएचं) आणि नर्सचं, आणि एड सुट्टीवर असली की नर्सचंच. माझ्या एका बॅचला एक आयटीवाली मुलगी होती, अतिशय हुशार, टेस्टमध्ये पहिली. तिसऱ्या आठवड्यात एका आजोबांना स्वच्छ करायचं होतं, ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि परत आलीच नाही. त्यात तिचं वाईट असं काही नाही, पण तासाला २० डॉलरच्या आसपास देणाऱ्या सीएनएच्या नोकरीत सहा महिन्यांत जे कळलं असतं ते तिला हजारो डॉलर भरून कळलं. नर्सिंग होममध्ये शनिवार-रविवारची शिफ्ट कर. आवडलं नाही तर सोडून दे, आयटीत परत जा, कोणी हसणार नाही.

निबंध. तू लिहिलंयस की बाबांची बायपास झाली तेव्हापासून मनात आहे. मनात असू दे, निबंधात बाबांना चार ओळी पुरे. दहातले सात निबंध आई, आजी नाहीतर स्वतःच्या बाळंतपणावर असतात, वाचून वाचून डोळे मिटायला लागतात. त्यात पेशंटबद्दल असतं, नर्सबद्दल काहीच नसतं. आयसीयूतल्या सिस्टरनं नेमकं काय केलं ते आठव. तिनं मॉनिटरकडं न बघता बाबांचे पाय का दाबून बघितले? सूज बघत होती. ते तुला तेव्हा कळलं की नंतर? अशी एक जागा लिही, मग पुढं तू काय केलंस ते लिही, सीएनए केलं, ॲनाटॉमीला ए आला, मुलांची सोय अशी अशी लावली. शेवटचं जरूर लिही. कुटुंबाचं कशाला सांगायचं असं आपल्याला वाटतं, पण वाचणाऱ्याचा प्रश्न तोच आहे ना, ही टिकेल का.

आणि टेस्टिंगची लाज वाटून घेऊ नकोस, बहुतेक जण जुनं करिअर एका वाक्यात उडवतात, मला त्यात अर्थ वाटला नाही वगैरे. अगं तुझ्याकडं सोन्यासारखा माल आहे. रिलीजच्या आदल्या रात्री बग सापडला, सगळे म्हणतायत जाऊ दे, आणि तू म्हणालीस मी साइन-ऑफ करणार नाही, असं एकदा तरी झालंच असेल. आमच्याकडं डॉक्टरनं ऑर्डर दिलेला डोस जास्त वाटला तर नर्सनं तो न देता फोन करायचा असतो, रात्री तीनला, चिडक्या डॉक्टरला. तीच गोष्ट आहे. हँडओव्हर तुला माहीत आहे, लिहून ठेवलं नाही तर केलंच नाही हे तुला माहीत आहे. एसबीएआर म्हणून आमची सांगायची पद्धत आहे, परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, काय हवंय, ती मुळात अमेरिकन नेव्हीच्या पाणबुड्यांवरून आली आणि कैसर परमनंटे या इथल्या मोठ्या आरोग्यसंस्थेनं हॉस्पिटलात रुजवली. तू चांगला बग रिपोर्ट लिहीत असशील तर अर्धं तुला आत्ताच येतं.

इंटरव्ह्यू सगळीकडं नसतो. असला तर आपल्या लोकांच्या दोन सवयी नडतात. एक म्हणजे आम्ही. आम्ही केलं, आमच्या टीमनं केलं. समोरची विचारते, यात तुम्ही काय केलंत, आणि आपण लाजतो. मी म्हणायला शिक. दुसरं, एक ठरलेला प्रश्न असतो, सोबतच्या स्टुडंटनं चुकीचं औषध देताना तू पाहिलंस तर काय करशील. आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, मी तिला बाजूला घेऊन सांगेन, तिचं नुकसान होऊ नये. मनानं चांगल्या आहेत, पण उत्तर चुकलं. आधी पेशंटकडं बघायचं, मग इन्स्ट्रक्टरला सांगायचं, मग रिपोर्ट. मैत्री त्यानंतर. आणि डॉक्टर का नाही असं विचारलं तर वयाचं कारण देऊ नकोस, त्याचा अर्थ जमलं असतं तर डॉक्टर झाले असते असा होतो.

पैशाचं पटकन. ग्रीन कार्ड असल्यामुळं तू फाफ्सा (शिक्षणासाठी सरकारी मदतीचा अर्ज) भरू शकतेस, पण आधीची बॅचलर्स असल्यानं पेल ग्रँट (परत न करायची मदत) मिळणार नाही, कर्ज मिळेल. नंतर नर्स कोअर नावाची सरकारी योजना आहे, नर्सेस कमी असलेल्या ठिकाणी काम केलं तर कर्जाचा मोठा भाग फेडतात, ती ग्रीन कार्डवाल्यांना पण आहे. जे एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) हे वाचतायत त्यांच्यासाठी: शिकता येतं, पण काम करायला ईएडी (वर्क परमिट) लागतं, आणि आरएनच्या साध्या पदाला बॅचलर्स लागतेच असं नसल्यानं एच-१बी वर नर्स होणं अवघड आहे. फी भरायच्या आधी वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. आणि सीजीएफएनएस (परदेशी नर्सेसची कागदपत्रं तपासणारी संस्था) बद्दल कोणी सांगेल, ते मुख्यतः भारतात नर्सिंग करून येणाऱ्यांसाठी असतं, इथं शिकून इथलं लायसन्स घ्यायला ते लागत नाही.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही आणि ऐनवेळी धावपळ होते. ॲडमिशन मिळाल्यावर लसींची कागदपत्रं मागतात, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी. आपल्या लहानपणीची कार्डं कुठल्या ट्रंकेत गेली देव जाणे. रक्ताची टायटर टेस्ट (अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी) आत्ताच करून घे, हिपॅटायटिस बी नव्यानं घ्यावी लागली तर नेहमीच्या तीन डोसना सहा महिने जातात. आणि टीबी. तुझ्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असेलच, त्यामुळं हातावरची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे, मग हेल्थ डिपार्टमेंट, मग औषधं घ्या म्हणून मागे लागणं. माझी टेस्ट टम्म फुगली होती आणि नर्स माझ्याकडं अशी बघत होती की मी खोकले तरी ती मागं सरकायची. सरळ क्वांटिफेरॉन म्हणून रक्ताची टेस्ट मागायची, तिला बीसीजीनं फरक पडत नाही.

शेवटी तू हळूच विचारलंयस की सासूबाई म्हणतात इंजिनियर होऊन नर्स कशाला. माझ्याकडं पण झालं ते. माझ्या सासूबाई गावाकडं लोकांना सांगायच्या सून हॉस्पिटलात मॅनेजर आहे. मग दोन वर्षांपूर्वी त्या इथं असताना त्यांना चक्कर आली, आम्ही इमर्जन्सीत गेलो, आणि तिथल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही आरएन ना, गोळ्या कुठल्या कुठल्या चालू आहेत सांगता का. त्या कॉटवरून सगळं ऐकत होत्या. आता फोनवर सांगतात नर्स आहे. अजून मॅनेजर पण म्हणतात, दोन्ही म्हणतात.

फॉल सेमिस्टरची नोंदणी वसंतातच सुरू होते आणि ॲनाटॉमीच्या संध्याकाळच्या बॅचेस पहिल्या आठवड्यात भरतात, सगळ्या नोकरीवाल्या तिथंच असतात. नोंदणी उघडते त्या दिवशी सकाळी लॉगिन करून बस. पुण्याला कोणाला तरी युनिव्हर्सिटीत पाठवून ट्रान्सक्रिप्टचं काम मात्र आत्ता लाव, माझी साडेचार महिने आली नव्हती.